एकटीचा पहिला प्रवास

शालान्त परीक्षा जवळ आली, कीं आमच्या विद्यार्थिनींच्या घरीं एक प्रश्न हलक्या आवाजांत निघूं लागतो. मुलगी हुशार आहे, गुणहि चांगले मिळतील, पुढें शिकविण्याची आईबापांची इच्छाहि आहे. परंतु परगांवीं पाठवावयाची तर तिला पोंचवावयास कोण जाणार, आणि सुट्टींत आणावयास कोण जाणार? मुलाविषयीं हा प्रश्न कोणी काढीत नाहीं. त्याच्या खिशांत भाड्याचे पैसे घातले, हातांत पिशवी दिली, कीं तो निघाला. मुलगी निघावयाची म्हणजे वडिलांची दोन दिवसांची रजा, दोघांचें जाण्याचें भाडें, एकाचें परतीचें भाडें, आणि जेथें उतरावयाचें त्या नातेवाइकांची मर्जी, इतक्या गोष्टींची जुळवाजुळव व्हावी लागते. ती न जुळली तर जवळच्या गांवीं जें काय मिळेल त्यावर मुलीचें शिक्षण भागविलें जातें. 'पाठवणी' हा शब्दच आपण लग्नाकरितां राखून ठेवला आहे. शिक्षणाकरितां मुलीची पाठवणी कशी करावी, याचा विचार करण्याचा प्रसंग आपल्या आजोबांपणजोबांवर आला नव्हता; आपल्यावर तो आला आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत सांगतों. एकटीनें प्रवास करतां येणें हा शिक्षणाचाच एक भाग आहे, आणि तो शिकविण्याचें काम घर व शाळा या दोघांचें आहे. सध्यां ही विद्या मुलीनें आपोआप, एखाद्या अडचणीच्या दिवशीं, घाबरत घाबरत शिकावी अशी रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. भूगोलाच्या तासास आमच्या मुली गंगेच्या उपनद्या तोंडपाठ म्हणतात. त्यांतल्या किती जणींस कुर्डुवाडीस गाडी बदलून पंढरपूर गांठतां येईल, आणि किती जणींनीं आपलें तिकीट आपण खिडकीशीं उभें राहून काढलें आहे, हें शिक्षकांनीं एकदां वर्गांत विचारून पाहावें.

हा प्रश्न केवळ हौसेचा असता तर त्यावर वार्षिकाचीं पानें आम्ही खर्च केलीं नसतीं. आपल्या राज्यांत अभियांत्रिकी, औषधनिर्माण इत्यादि शाखांचे प्रवेश आतां केंद्रीय पद्धतीनें, फेऱ्याफेऱ्यांनीं होतात. यादी लागते, आणि जें महाविद्यालय मिळालें तेथें थोड्याच दिवसांच्या मुदतींत कागदपत्रें घेऊन हजर व्हावें लागतें. ते दिवस पावसाळ्याचे. वडील शेतांत गुंतलेले, भाऊ नोकरीवर. ज्या घरीं बरोबर जावयास माणूस मोकळें नसतें, तेथील शहाणी मुलगी अर्ज भरतांनाच दूरचीं नांवें गाळून टाकते. तिची जागा कोणी हिरावून घेतली असें दिसत नाहीं, म्हणून कोणी हळहळतहि नाहीं. "तिनेंच जवळचें पसंत केलें" असें आपण म्हणतों आणि तिच्या समंजसपणाची स्तुति करतों! अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनीं दिल्ली विद्यापीठांतील विद्यार्थिविद्यार्थिनींचा अभ्यास केला, त्यांत हीच गोष्ट राजधानींतहि आढळली. जाण्यायेण्याची वाट निर्भय असावी म्हणून मुली आपल्या गुणांस मिळूं शकणारें अधिक चांगलें महाविद्यालय सोडून कमी प्रतीचें पत्करतात. मुलगे तसें फारसें करीत नाहींत. जेथें मेट्रो चालते त्या शहरांत ही स्थिति, तर दिवसांतून दोनदां एस्.टी. येणाऱ्या गांवांत काय होत असेल तें वाचकांनींच ताडावें.

अशा विषयांत थोर स्त्रियांचे दाखले देण्याची चाल आहे, आणि आमच्या महाराष्ट्रापाशीं दाखल्यांचा तोटा नाहीं. सन १८८३ च्या फेब्रुवारींत बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहांत आनंदीबाई जोशी यांनीं इंग्रजींत एक व्याख्यान दिलें. त्यांस अठरावें वर्ष पुरें झालें नव्हतें. अमेरिकेस जाऊन वैद्यक शिकण्याचा त्यांचा बेत ऐकून लोक जे जे प्रश्न विचारीत, ते त्यांनीं एकामागून एक घेतले व प्रत्येकाचें उत्तर दिलें. तुम्ही एकट्या कां जातां, हा त्यांतलाच एक प्रश्न. बाईंचें उत्तर अगदीं व्यवहाराचें होतें. पतिपत्नींनीं बरोबर जावें असाच आधीं विचार होता; परंतु दोघांच्या खर्चापुरता पैसा नाहीं, आणि गोपाळराव गेले तर त्यांच्यावर अवलंबून असलेलीं घरचीं माणसें उघडीं पडतील; म्हणून त्या एकट्या जात होत्या. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या. बोटीवर मिशनरी बायांची सोबत होती, घरचें माणूस एकहि नव्हतें. आज एकशें चाळीस वर्षें उलटून गेलीं तरी आमच्या तालुक्यांतील बाप तेंच गणित मांडतो, कीं दोघांचा खर्च परवडत नाहीं. फरक इतकाच, कीं जोशी पतिपत्नींनीं त्यावरून तिनें एकटीनें जावें असें ठरविलें, आणि आपण तिनें जाऊंच नये असें ठरवितों.

पंडिता रमाबाईंचें तर बालपणच वाटेवर गेलें. आईबाप दुष्काळांत गेल्यावर भावाबरोबर पायीं हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. १८८० मध्यें भाऊ वारला, १८८२ मध्यें पति वारले, आणि पुढच्याच वर्षीं लहानग्या मनोरमेस घेऊन त्या विलायतेस निघाल्या. तेथून १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या. त्या देशाची हकीकत त्यांनीं १८८९ सालीं मराठींत छापून काढली.

परंतु या मोठ्या नांवांचा एक दुरुपयोगहि होतो. "त्या आनंदीबाई होत्या, त्या रमाबाई होत्या, आमची मुलगी साधी आहे" असें म्हणून पालक मोकळे होतात. म्हणून आम्हांस या बाबतींत पार्वतीबाई आठवले यांचें उदाहरण अधिक उपयोगाचें वाटतें. या कोंकणांतील देवरुखच्या. ऐन तारुण्यांत वैधव्य आलें, पदरीं मुलगा होता, आणि मोठ्या वयांत त्या लिहावयास वाचावयास शिकल्या. पुढें हिंगण्याच्या आश्रमाचें काम त्यांनीं अंगावर घेतलें, आणि त्या कामांत मुख्य भाग होता तो वर्गणी गोळा करण्याचा. आज या गांवीं, उद्यां त्या गांवीं. परक्याच्या दारीं उभें राहावयाचें, सभेंत चार शब्द बोलावयाचे, पावती फाडावयाची आणि पुढची गाडी गांठावयाची. अशीं कित्येक वर्षें गेल्यावर, १९१८ सालीं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, इंग्रजीचा अगदीं थोडा आधार असतां त्या अमेरिकेस गेल्या, तेथें लोकांच्या घरीं कामें करून राहिल्या आणि १९२० सालीं परत आल्या. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रांत त्यांनीं हें सर्व लिहून ठेवलें आहे. तें १९२८ सालीं प्रसिद्ध झालें. यांत आम्हांस लक्षांत घेण्यासारखें हें दिसतें, कीं अमेरिकेचें धाडस त्यांच्या अंगीं एका दिवसांत आलें नाहीं. लहान लहान प्रवासांनीं तें अंगवळणीं पडत गेलें. कोणत्याहि साध्या मुलीच्या बाबतींत हें होऊं शकतें.

आतां भीतीविषयीं बोलूं. ती खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वर्तमानपत्रें वाचणारा कोणीहि तसें म्हणणार नाहीं. पण या भीतीच्या गांठोड्यांत दोन वस्तु एकत्र बांधलेल्या असतात. एक, मुलीस कोणी इजा करील ही. आणि दुसरी, लोक काय म्हणतील ही. पालक बोलतात पहिलीविषयीं, आणि पुष्कळदां निर्णय होतो तो दुसरीवरून. या दोन वेगळ्या करून पाहिल्या तर दिसतें तें असें. बलात्काराच्या जेवढ्या तक्रारी देशांत नोंदल्या जातात, त्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो, असें राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षें सांगत आहेत. म्हणजे घर, शेजार, नातेगोतें, जेथें आपण मुलीस निर्धास्त सोडतों, तेथेंच सावध राहण्याचें कारण अधिक आहे. गाडींतला अनोळखी उतारू सर्व दोषांचा धनी होतो, कारण त्याच्यावर दोष ठेवणें सोपें असतें.

सोबत हाच तरणोपाय, असें ज्यांस वाटतें त्यांनीं १६ डिसेंबर २०१२ ची दिल्लीची घटना पुन्हां आठवावी. ती तरुणी एकटी नव्हती. तिचा मित्र बरोबर होता, आणि त्यासहि निर्दयपणें मारण्यांत आलें. ती ज्या बसमध्यें चढली ती उतारू घेण्याचा परवाना नसतां रस्त्यावर फिरणारी खासगी बस होती. रात्रींच्या त्या वेळीं देशाच्या राजधानींत विश्वासाची बस हाताशीं असती तर काय झालें असतें, हा प्रश्न आम्हांस तिच्या सोबतीच्या प्रश्नापेक्षां फार मोठा वाटतो.

म्हणूनच आमची तक्रार जितकी पालकांविषयीं आहे तितकीच, किंबहुना अधिक, सार्वजनिक व्यवस्थेविषयीं आहे. स्त्री एकटी निघेल हें सरकारच्या ध्यानांत फार पूर्वींच आलें होतें. १८९० च्या रेल्वेच्या कायद्यानें असें ठरविलें, कीं १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक उतारूंच्या गाडींत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांकरितां राखावा, आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणारी असेल तर अशा एका कप्प्यास शौचकूप जोडलेला असावा. ज्यानें हें कलम लिहिलें त्यास बाईमाणसाच्या प्रवासांतील खरी अडचण कळली होती, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. सन १९८९ च्या सध्यांच्या कायद्यांतहि स्त्रियांची राखीव जागा आहेच. शिवाय तिकिटावांचून बसलेल्या एकट्या स्त्रीस रात्रीं वाटेंतल्या कोणत्याहि स्टेशनावर उतरवूं नये. उतरवावयाचें तर दिवसा, आणि ती जेथून निघाली त्या, किंवा जंक्शनच्या, शेवटच्या अथवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्टेशनावरच उतरवावें, असेंहि त्यांत आहे. लांबच्या मेल व एक्स्प्रेस गाड्यांच्या शयनयान वर्गांत एकट्या निघालेल्या अथवा केवळ बायकांच्या जथ्यांतील स्त्रियांसाठीं सहा जागा राखीव असतात. यांपैकीं एकहि गोष्ट आमच्या शाळेच्या कोणत्याच क्रमिक पुस्तकांत नाहीं.

एस्.टी.ची गोष्ट अशी. १७ मार्च २०२३ पासून आपल्या राज्यांत सर्व स्त्रियांस तिचें निम्मेंच भाडें पडतें, आणि त्यामुळें पुष्कळ बायका घराबाहेर पडूं लागल्या हें डोळ्यांस दिसतें. पण भाडें निम्में झालें म्हणून स्थानकावरचें शौचालय स्वच्छ झालें नाहीं. तेथें जाण्याचा प्रसंग येऊं नये म्हणून निघण्याच्या आधीं कित्येक तास घोटभरहि पाणी न पिण्याची युक्ति आया आपल्या मुलींस शिकवितात. ही युक्ति प्रकृतीस किती अपायकारक आहे हें कोणीहि डॉक्टर सांगेल. आणि चैत्रवैशाखाच्या उन्हांत, सहा तासांच्या वाटेंत, ती मुलगी कोणत्या स्थितींत उतरते हें पुरुषमंडळींच्या ध्यानांतहि येत नाहीं. पुढारी लोक स्त्रीस्वातंत्र्यावर व्याख्यानें देतात. त्यांनीं आपल्या गांवच्या स्थानकावर एक जळता दिवा, आंतून लागणारी कडी आणि पाण्याचा नळ एवढें करून द्यावें, म्हणजे व्याख्यान आम्ही ऐकल्यासारखेंच समजूं.

हें होईपर्यंत मुलींनीं थांबावें काय? आमचें उत्तर, थांबूं नये असें आहे. पण तयारीवांचून निघूंहि नये. तयारी कशी करावी याविषयीं आम्हांस सुचतें तें असें. पहिला प्रवास दिवसाचा आणि ओळखीच्या वाटेचा असावा. जिल्ह्याच्या गांवीं मावशी असेल तर तेवढा पुरे. तिकीट मुलीनें काढावें, गाडी कोठें लागते हें तिनें विचारावें, सामान तिनें उचलावें. आणि म्हणून सामान तिला उचलेल इतकेंच असावें. विचारावयाचें तें वाहकास, स्टेशनमास्तरास, किंवा जवळ बसलेल्या लेकुरवाळ्या बाईस विचारावें. न विचारतां जो फार आपुलकीनें पुढें येतो त्याचे आभार मानून दूर व्हावें. पहिल्या खेपेस वडिलांस अगदींच राहवत नसेल तर त्यांनीं मागच्या बाकावर बसावें आणि मौन धरावें. हें मौन कित्येक वडिलांस मुलीच्या प्रवासापेक्षां अवघड जाईल असा आमचा अंदाज आहे.

दुसरा प्रवास गाडी बदलण्याचा असावा. कारण धीर सुटतो तो चालत्या गाडींत क्वचितच सुटतो, तो मधल्या स्टेशनावर सुटतो. दादरला मध्य आणि पश्चिम या दोन रेल्वेंचीं स्टेशनें पुलांनीं जोडलेलीं आहेत. त्या पुलावर गर्दीच्या लोंढ्यांत उभी राहून, पाट्या वाचून, आपली वाट आपण काढणारी मुलगी पुढें मद्रासेस काय आणि कलकत्त्यास काय, कोठेंहि हरवावयाची नाहीं. (चेन्नई, कोलकाता अशीं नवीं नांवें झालीं आहेत खरीं, जुनीं आमच्या तोंडीं बसलीं आहेत.) गाडी चुकणें हाहि या शिक्षणाचाच एक धडा आहे. गाडी चुकल्यावर रडत घरीं दूरध्वनि करणारी आणि पुढची गाडी केव्हां आहे हें आधीं पाहून मग दूरध्वनि करणारी, या दोघींच्या शिक्षणांत एका इयत्तेचें अंतर आहे असें आम्ही समजतों.

रात्रींचा प्रवास त्यानंतरचा. पैसे एके ठिकाणीं ठेवूं नयेत. रेल्वेकरितां १३९ आणि कोणत्याहि संकटाकरितां ११२ हे दूरध्वनीचे आंकडे मुलीस पाढ्यांसारखे पाठ असावे, आणि घरचा आंकडाहि. कारण हातांतला मोबाइल नेमका मध्यरात्रीं मान टाकतो. रेल्वे सुरक्षा दलाच्या स्त्री शिपायांनीं एकट्या निघालेल्या प्रवासिनींस गांठून विचारपूस करावी, अशी योजना २०२० सालापासून आहे. त्या आल्या तर संकोच न करतां बोलावें. आणि एक गोष्ट शाळेनेंच शिकवावयास हवी. आम्ही मुलींस हळू बोलावयास शिकवितों. वर्गांत तें ठीक आहे. भरलेल्या डब्यांत कोणी अंगचटीस येऊं लागला तर सर्व डबा वळून पाहील इतक्या मोठ्यानें "सरका" म्हणतां आलें पाहिजे, आणि तें म्हणण्याची संवय नसेल तर ऐन वेळीं घशांतून शब्द फुटत नाहीं. कवाईतीच्या तासास, मैदानावर, याचा अभ्यास कां करूं नये?

येथवर जे मुलगे हा लेख दुसऱ्यांसाठीं आहे असें समजून वाचीत आले, त्यांच्याशीं आतां दोन शब्द. मुलांनो, वाटेवरची अर्धी भीति तुम्ही निर्माण केलेली आहे. तुमच्यांतले बहुतेक सभ्य आहेत हें आम्ही जाणतों. परंतु तुमच्यांतला एक जण टक लावून पाहतो आणि बाकीचे नऊ जण खिडकीबाहेर पाहतात, तेव्हां त्या मुलीच्या हिशेबीं तुम्ही दहा जण असतां. आपल्या देशांत प्रथमच येणाऱ्या परदेशीय स्त्रिया अजिंठ्यास, हंपीस, काशीस एकट्या येतात. येथील लोकांनीं घरीं नेऊन जेवूं घातल्याच्या गोष्टी त्या प्रेमानें सांगतात, आणि त्याच दमांत येथील लोकांच्या नजरेविषयींहि सांगतात. परवानगी न विचारतां त्यांच्या शेजारीं उभें राहून छायाचित्रें काढणें हा तर एक खेळच होऊन बसला आहे. पाहुण्या बाईस अडचण आली तर तिला तिच्या भाषेंत बोलतां यावें म्हणून पर्यटन खात्यानें १३६३ हा दूरध्वनि २०१६ सालीं बारा भाषांत सुरू केला. तुम्हांस कोणी वाट विचारील तेव्हां तो तिला सांगतां आला तर उत्तम. न सांगतां आला तर निदान वाट तरी नीट सांगा आणि आपल्या कामास लागा.

आईबापांस एवढेंच विनवावयाचें आहे. मुलगी निघाली म्हणजे दर अर्ध्या तासानें दूरध्वनि करून "कोठें पोंचलीस?" असें विचारण्याचा मोह फार होतो. निघतांना एक, गाडी बदलतांना एक, पोंचल्यावर एक, असे तीन निरोप ठरवून घ्यावे आणि मधल्या वेळीं तिला खिडकीबाहेर पाहूं द्यावें. ती परत आल्यावर आपण सहसा पहिला प्रश्न विचारतों तो "कोणी त्रास दिला नाहीं ना?" हा. तोहि विचारावा, आणि त्रास झाला असेल तर "म्हणूनच सांगत होतों" हे शब्द तोंडून निघूं देऊं नयेत. कारण ते एकदां ऐकले कीं पुढच्या खेपेस ती मुलगी कांहींच सांगणार नाहीं. त्यानंतर मात्र तिनें काय पाहिलें, शेजारीं कोण बसलें होतें, घाटांत पाऊस होता काय, हेंहि विचारावें आणि तिच्या भावंडांदेखत विचारावें. यंदाच्या परीक्षा आतां संपत आल्या आहेत, निकाल लागून प्रवेशाच्या याद्या लागेपर्यंत मध्यें सुट्टीचे दिवस आहेत, आणि मावशीचें गांव दोन तासांवर आहे.